कोंडू भावजींच्या बदकांचं टाकं

माझ्या आणि गिरजाच्या घरांमधे कुडाची भिंत. कारवीच्या काठ्या आणि वरून शेणमाती. अशी भिंत वारा अडवते, बोलणं अडवत नाही. त्या दिवशी मी भिंतीला टेकून तांदूळ निवडत होते. ऐकायला बसले होते असं कुणी म्हणेल, तर म्हणू दे.

पलीकडून गिरजाचा आवाज आला.

"अवो, ही काय आणलीत?"

"बदकं."

"बदकं हायेत ते दिसतंय मला. डोळे फुटले नाय माझे. आणलीत कशाला?"

"मंगळूनं दिली, उंबरमाळीच्या. मी रिटायर झालो म्हणून भेट."

"लोकांना घड्याळ देतात, शाल देतात. तुमाला बदकं दिली?"

"घड्याळ सायबांनी दिलं ना. ते बंद हाय. ही चालतात."

मग टोपली जमिनीवर ठेवल्याचा आवाज आणि त्यातून 'क्वॅक क्वॅक'.

"आन ऱ्हाणार कुठं ती?"

"परसात. कोपऱ्यात खड्डा खणीन, शिमिट लावीन, टाकं करीन."

"परस माझं हाय."

"तुझं म्हणजे आपलंच ना गो?"

"नाय, माझं. तुमी जन्मभर रुळावर ऱ्हायलात. सुट्टीला यायचात, जेवायचात, झोपायचात, परत जायचात. इथला एकेक दगड मी उचललाय. माठाची भाजी मी लावली, वांगी मी लावली. आता तुमी येऊन खड्डा खणणार?"

"कोपऱ्यात खणीन म्हटलं ना."

"साचलेलं पाणी. मग त्याच्यावर शेवाळ, मग डास, मग हिवताप. गेल्या साली निम्मी वाडी कण्हत होती, इसरलात?"

"शेवाळ धरू देणार नाय मी."

"आन धरलं तर?"

"धरणारच नाय."

"मी इचारते काय? धरलं तर?"

"तर बुजव तू."

"बुजवीनच. ज्या दिवशी पाणी हिरवं दिसंल त्या दिवशी घमेल्यानं माती टाकीन, आन बदकं जातील धसईच्या बाजारात. मग एक शब्द बोलायचा नाय."

"नाय बोलणार."

"ऐकलंत ना ओ जाऊबाई?"

आता हे मला होतं. भिंतीपलीकडून, हाक मारून. मी गडबडून "हो हो, ऐकलं" म्हणून बसले, आणि सूप हातातून सुटून तांदूळ सांडले. अशी मी त्या कराराची साक्षीदार झाले.

कोंडू भावजी माझे चुलत दीर. रेल्वेत गँगमन होते, कसाऱ्याच्या बाजूला. खांद्यावर हातोडा नि पहार घेऊन रूळ तपासत चालायचं, खडी सारायची, नट आवळायचे. बोलायला कमी. अंगाने काटकुळे, पाय तेवढे लांब. गँगमधे ते कायम शेवटी चालायचे. पुढे मुकादम, मागे माणसं, आणि सगळ्यांच्या मागे कोंडू, सगळ्यांचा चहाचा टोप घेऊन. मुकादम बदलले, माणसं बदलली, टोप यांच्याकडेच राहिला. नोकरी संपून घरी आले तर इथेही तेच. घर गिरजाचं, शेत गिरजाचं, लेक रेश्मा आईच्या शब्दातली. हे म्हणाले पावसाआधी कौलं चाळायला हवीत, तर गिरजा म्हणायची, चाळून झाली.

आणि मग ती बदकं. पांढरी, मोठाली, चोचीने पिवळी. टोपलीतून बाहेर सोडली तर ती भावजींच्या मागे एका रांगेत उभी राहिली. भावजी दोन पावलं चालले, तीही चालली. भावजी थांबले, ती थांबली. भावजींनी मागे वळून बघितलं तेव्हाचं त्यांचं तोंड मला अजून आठवतं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या मागे कुणीतरी चालत होतं. तेव्हाच मी समजले की हा माणूस या बदकांसाठी काय वाटेल ते करील.

त्यांनी टाकं बांधलं. चौकोनी बांधायला घेतलं होतं, झालं भाकरीसारखं. खालच्या अंगाला एक मोरी ठेवली नि तिला लाकडाचं बूच, फडकं गुंडाळून. विहिरीचं पाणी भरलं. बदकं उतरली. आम्ही सगळे बघायला गेलो. पाणी असं की तळाचं शिमिट दिसत होतं.

आठवडा जेमतेम गेला असेल, कडेला हिरवट दिसू लागलं.

गिरजाने तपासणीची रीतच ठरवली. पितळेच्या तांब्यात पाण्याचा रंग कळत नाही म्हणून तिने फडताळातला पांढरा कप काढला. सकाळी उठली की टाक्यातलं पाणी कपात घ्यायची, उन्हात धरायची, आणि कुंपणावरून मला हाक.

"जाऊबाई, या. बघा. हिरवं हाय का नाय?"

भावजी बाजूला हात बांधून उभे. शाळेत मुलं निकालाला उभी असतात तसे. आणि त्यांच्यामागे बदकं.

मी मोठ्या पेचात. भावजी मला बदकाची अंडी द्यायचे, गिरजा वांगी द्यायची. कुणाच्या बाजूने बोलू? मी कप इकडून बघायची, तिकडून बघायची, आणि म्हणायची, "पिवळसर हाय. हिरवं म्हणता येणार नाय." दुसऱ्या दिवशी, "राखी हाय." तिसऱ्या दिवशी, "कपाचाच रंग उतरलाय का गो?" इतके रंग मी लुगड्यांच्या दुकानातसुद्धा सांगितले नसतील.

भावजींनाही कळलं होतं की हे फार दिवस चालायचं नाही. त्यांनी औषधं सुरू केली.

पहिल्यांदा चुना. दिवाळीला भिंतींना दिलेल्यातला उरला होता, तो टाकला. पाणी झालं ताकासारखं पांढरं. बदकांनी त्यात पाय घातला, वर काढला, एकमेकांकडे बघितलं आणि सगळी रांगेने माझ्या अंगणात आली. दिवसभर माझ्या अंगणात बसली. वाळत घातलेले सांडगे खाल्ले. मी भावजींना म्हटलं, "तुमच्या बदकांना माझ्या हातचे सांडगे आवडले हो." ते म्हणाले, "वयनी, चवीची हायेत ती." चुना काढून टाकायला त्यांना अख्खा दिवस लागला.

मग कुणीतरी सांगितलं, तांब्याच्या भांड्यात पाणी खराब होत नाही. आपण पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात ठेवतोच की. भावजींना पटलं. दोन दिवसांनी गिरजाचा माहेरचा हंडा दिसेना. तिने माळा शोधला, माझा माळासुद्धा शोधला. वाडीत बोभाटा झाला, हंडा चोरीला गेला म्हणून. आणि संध्याकाळी टाक्यावर गेली तर पाण्यात तळाशी हंडा, आणि हंड्यावर एक बदक राणीसारखं उभं.

त्या दिवशी भिंतीपलीकडून जे काही ऐकू आलं ते मी लिहिणार नाही. हंडा चिंच लावून भावजींनी घासला. तीनदा घासायला लावला.

आता खरी गंमत सांगते. रेश्माला बघायला पाहुणे यायचे होते. शहापूरकडचं स्थळ. मुलाचे वडील गोजरभाऊ म्हणून, पांढरी टोपी, मोठा चौकस माणूस. कुठे गेले की विहिरीत डोकावून बघणार, गुरांचे दात बघणार. गिरजाने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "उद्या परसात हिरवं डबकं दिसलं पाहुण्यांना तर मी पाहुण्यांसमोर बुजवीन. सांगून ठेवते."

भावजींना काय करावं सुचेना. बसले विचार करत. समोर दोरीवर कपडे वाळत होते. पांढरा सदरा पिवळा पडला की नीळ देतात आणि तो परत पांढरा दिसतो. मग पाण्याला नीळ दिली तर? सदऱ्याचं पिवळं जातं, तर पाण्याचं हिरवं का जाऊ नये? बाईमाणसाला विचारलं असतं तर सांगितलं असतं, बादलीला चिमूटभर लागते. हे विचारायला आले नाहीत. त्यांनी पुडी आणली आणि सगळी ओतली.

सकाळी पाहुणे आले. ओटीवर बसले. मी पोहे देत होते, गिरजा चहा गाळत होती, रेश्मा आत साडीच्या निऱ्या धरून बसली होती. इतक्यात परसाच्या दारातून भावजी आत आले पाहुण्यांना रामराम करायला. आणि त्यांच्यामागे, नेहमीप्रमाणे रांगेने, बदकं.

निळी.

पोटापासून मानेपर्यंत निळी, वरती डोकी पांढरी. जसे काही पायजमे घातलेत. एकामागे एक आली आणि पाहुण्यांसमोर उभी राहिली.

मुलाची आई पदर तोंडाला लावून बसली. गोजरभाऊंनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"ही कुठली जात म्हणायची?"

भावजींना खोटं बोलता येत नाही. तेवढ्यात दारात गिरजा, हातात चहाचं ताट. तिने बदकं बघितली. मग म्हणाली,

"उंबरमाळीची."

"उंबरमाळीला निळी बदकं असतात?"

"डोंगरातली हायेत. थंडी फार तिथं."

माझ्या घशात पोहा अडकला. खोकत मी आत पळाले. आत रेश्मा हसून हसून निऱ्या सोडून बसलेली. बाहेरून गोजरभाऊंचा आवाज, "आन अंडी? ती पण निळी?"

"नाय नाय," गिरजा म्हणाली, "अंडी आपली साधी."

"मग जमलं तर एक जोडी आमालापण द्या बरं का."

जमलं. पाहुण्यांची पाठ वळली मात्र, आणि गिरजा परसात गेली. टाक्यात बघितलं. निळं पाणी, आणि कडेला शेवाळ होतं तसंच, हिरवंगार. उलट निळ्यात जास्तच उठून दिसत होतं.

मी म्हटलं आता घमेलं आणते ही. पण लग्न होईपर्यंत बदकं विकायची कशी? व्याह्यांना जोडी द्यायची कबूल झाली होती, आणि ती हिच्याच तोंडाने. गिरजा काठावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग जे बोलली ते मला वाटतं तिच्या पोटात पहिल्या दिवसापासून होतं.

"चुना टाकला. हंडा टाकला. नीळ टाकली. अवो, करपलेल्या टोपात औषध टाकून टोप निघतो का? घासावा लागतो! घासायला नको म्हणून हे सगळे धंदे. बायका रोज मोरीवर काय करतात ते जन्मात बघितलं नाय तुमी?"

"बघितलं ना."

"मग घ्या."

आणि तिने चुलीतली राख एका करवंटीत आणि नारळाचं सोडण त्यांच्या पायाशी ठेवलं.

भावजी टाक्यात उतरले. बूच काढलं, पाणी सोडलं, आणि उकिडवे बसून राखेनं शिमिट घासायला लागले. दुसऱ्या दिवशी परत. मग एक दिवसाआड हा नेमच झाला. आमच्या वाडीत तोवर पुरुष माणूस सोडण घेऊन घासताना कुणी बघितलेला नव्हता. लोक मुद्दाम परसाकडच्या वाटेने जायला लागले.

"कोंडूदादा, आमची पण भांडी टाकू काय?"

"टाक. पण रांगेत ठेव. आन बायको माहेरी गेली काय रे तुझी?"

बोलायला कमी असलेला माणूस घासता घासता बोलायला लागला होता. लोकांनीही मग सोडून दिलं.

पाणी स्वच्छ राहायला लागलं. घासता घासता भावजींना आणखीही काही दिसलं. कुंपणावरचा दुधी जिथे टाक्यावर आला होता, तिथे सावलीत शेवाळ कमी धरायचं. त्यांनी बांबू रोवून वर मांडव केला आणि दुधी त्याच्यावर चढवला. दाणे पाण्यात टाकायचे बंद केले, बाहेर पाटीत ठेवायला लागले, कारण उरलेलं कुजून तळाला बसायचं. आणि मोरीचं पाणी वाया जात होतं, ते चर काढून गिरजाच्या वांग्यांत सोडलं. बदकांनी घाण केलेलं पाणी. त्या वर्षी वांगी अशी झाली की झाडं वाकली. धसईच्या बाजारात गिरजाच्या पाटीपुढे बायका उभ्या राहायच्या. "काय घालतेस गो?" विचारायच्या. गिरजा म्हणायची, "माझा हात लागतो."

घरी येऊन ती हे सांगायची, भावजी ऐकायचे आणि सोडण घेऊन टाक्यात उतरायचे.

लग्नात व्याह्यांना जोडी दिली, ती अर्थातच पांढरीशुभ्र. गिरजाने सांगितलं, इकडच्या हवेनं रंग उतरला. गोजरभाऊंनी मान डोलावली. वर्षाने रेश्मा बाळंतपणाला आली तेव्हा तिने सांगितलं, सासरे पहिल्या दिवसापासून जाणून होते. निळीच्या पुडीचा कागद ओटीच्या कोपऱ्यात पडला होता आणि ते चहा पिता पिता तोच वाचत होते. म्हणाले, मुलगी पसंत होती, मग बदकांना कशाला नावं ठेवा?

कपाची तपासणी मात्र सुरूच होती. करार मोडलेला नव्हता. गिरजा कप धरायची, मी बघायची, आता खरं सांगायला काही अडचण नव्हती. "स्वच्छ हाय," म्हणायचं आणि चहा प्यायचा.

मग तो उन्हाळा आला. विहीर तळाला गेली. बायका पहाटे जाऊन झऱ्याचं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायच्या. माणसांना नाही तिथे बदकांना कुठून? भावजींना टाकं रिकामं करायचा धीर होईना, कारण रिकामं केलं तर भरायचं कशानं? आणि गिरजाकडे पाणी मागायचं तर कुठल्या तोंडाने, तिच्या डोक्यावर हंडे होते. तेच पाणी राहिलं, आटलं, आणि एका सकाळी टाकं हिरवं झालं. पिवळसर नाही, राखी नाही. हिरवं. कप आणायची गरज नव्हती.

गिरजा आली, बघितलं, आणि आत गेली. बाहेर आली ती घमेलं घेऊन, मातीनं भरलेलं. मी कुंपणाशी उभी. माझ्याकडे बघायलाही ती तयार नव्हती.

भावजींनी बोलायचं नाही असं कबूल केलं होतं, आणि ते बोलले नाहीत. त्यांनी स्वतःच टोपली काढली, बाजाराला न्यायची, आणि एक बदक धरून आत ठेवलं. दुसरं धरायला वाकले तोवर पहिलं बाहेर येऊन रांगेत शेवटी उभं राहिलं. दुसरं आत ठेवलं, तिसऱ्याला वाकले, दुसरं बाहेर. भावजी एकेक उचलून ठेवतायत, आणि बदकं एकेक उतरून परत त्यांच्या मागे उभी राहतायत. त्यांना वाटलं असेल, हा नवा काहीतरी खेळ. भावजी घामाने निथळले. पण थांबेनात.

गिरजा डोक्यावर घमेलं घेऊन हे बघत उभी. कितीतरी वेळ.

शेवटी म्हणाली, "अवो, थांबा. आज धसईचा बाजार नाय."

भावजींनी बोटाने उद्याची खूण केली.

"उद्या पण नाय."

बाजार उद्याच होता. मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, बाजार कधी असतो हे गिरजाइतकं तर वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती घमेलं घेऊन पुढे गेली, टाकं ओलांडून, आणि सगळी माती वांग्यांच्या बुंध्याशी ओतली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वांग्यांना भर द्यायची होती." मी काही विचारलंच नव्हतं.

तिने आपल्या हाताने बूच काढलं. हिरवं पाणी चरातून वांग्यांत गेलं. मग घरातलं पोचे आलेलं जुनं घंगाळ आणून कोरड्या टाक्यात ठेवलं आणि भांडी विसळलेलं पाणी त्यात ओतलं.

"पाऊस पडेतो यात डुंबतील. एकावेळी एक. चिखल केलेला चालणार नाय."

हे बदकांना सांगितलं. भावजी तरीही बोलले नाहीत. बोलायचं नाही म्हटलं होतं ना, तर दिवसभर बोलले नाहीत. रात्री जेवताना गिरजाच ओरडली, "आता बोला तरी, मीठ पुरेसं हाय का?" तेव्हा म्हणाले, "हाय."

त्यानंतर पांढरा कप फडताळात गेला तो गेलाच. तपासणी बंद. पण घासणं बंद झालं नाही. उलट वाढलं. आता कुणी बघत नव्हतं, तर भावजी आणखी कसून घासायचे. बदकांच्या पिढ्या गेल्या, बोअरिंग आलं, पाइप आला, दुधीचा मांडव दोनदा बदलला. भावजींचे गुडघे धरले, उकिडवं बसवेना, तर टाक्यात एक पाट घेऊन उतरायचे. गिरजा वांग्यांत खुरपायची आणि हे टाक्यात घासायचे. दोघं आपापल्या जागेवरून भांडायची. नवऱ्याच्या नोकरीत जेवढं बोलणं राहून गेलं होतं तेवढं सगळं तिथे झालं असावं. भिंतीला टेकायची मला गरजच उरली नव्हती, उघड्यावरच चालायचं.

भावजी गेले ते मार्गशीर्षात, दुपारी जेवणाआधी, ओटीवर बसल्या जागी. कुणाला सेवा करायला लावली नाही. त्या दिवशी सकाळी मी कुंपणाशी दात घासत होते, म्हणून मला सगळं ठाऊक आहे.

थंडी होती. त्यांना खोकला होता. गिरजा म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या. एक दिवसानं काय होतंय?"

"एक दिवस सोडला की शेवाळाला लगेच खबर लागते."

"तुमाला कोण सांगतं ही खबर?"

"माझं आन त्याचं बोलणं हाय."

"मग त्याला सांगा, माझ्याशी पण बोलत जा म्हणावं," गिरजा म्हणाली आणि राखेची करवंटी काठावर ठेवून गेली.

भावजींनी पाट टाकला, बूच काढलं. पाणी जाईतो बदकांना बाहेर पाटीतले दाणे घातले. तळ घासला, कडा घासल्या, कोपऱ्यात बोट फिरवून बघितलं आणि तेवढा कोपरा पुन्हा घासला. धुऊन काढलं. बुचाचं जुनं फडकं फाटलं होतं, कमरेच्या पंच्याची चिंधी फाडून नवीन गुंडाळलं. पाइप सोडला. टाकं भरलं तशी बदकं एकेक करून उतरली. तरंगणारं एक पीस होतं ते त्यांनी उचललं, झटकलं आणि कुंपणात खोचलं. पाट भिंतीला उभा करून ठेवला.

मग घरात जायच्या आधी वांग्यांत गेले, शेवटच्या सरीत पाणी पोचलं का बघायला. पोचलं नव्हतं. फावड्यानं थोडी माती ओढली आणि पाणी पोचेपर्यंत तिथेच वाकून उभे राहिले.